खाडीची हद्द

श्रोतेहो, हाटकेशच्या चौकात आज उभे राहून कोणी विचारले, की येथून समुद्र किती लांब आहे, तर ऐकणारा मनुष्य उत्तनच्या दिशेस बोट दाखवील आणि काही मैलांचा हिशेब सांगेल. नकाशाच्या दृष्टीने त्याचे उत्तर बरोबर ठरेल. भूमीच्या दृष्टीने मात्र ते अपुरे आहे. ह्या शहराच्या उत्तरेस वसईची खाडी आहे, पश्चिमेस अरबी समुद्र आहे, दक्षिणेस मनोरी-गोराईच्या खाडीचे फाटे आत शिरलेले आहेत, आणि पूर्वेस डोंगर आहे. डोंगराचे पाणी खाली उतरते आणि खाडीचे पाणी वर चढते. ही दोन पाणी जेथे भेटतात, तो सखल पट्टा म्हणजे मीरा-भाईंदर होय. येथे समुद्र दिवसातून दोनदा दाराशी येऊन परत जातो. त्याचे दार कोणते आणि ते राखावयाचे कोणी, हा प्रश्न ह्या भूमीइतकाच जुना आहे. आजच्या भाषणात त्या प्रश्नाची हकीकत सांगण्याचा विचार आहे.

भरतीच्या पाण्याखाली जाणाऱ्या व ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलाच्या भूमीस आपल्या किनाऱ्यावर खाजण म्हणतात. तिच्यावर तिवर उगवतात. बांध घालून समुद्राचे पाणी अडविले आणि तीन-चार पावसाळ्यांत मातीतला क्षार धुऊन गेला, म्हणजे त्याच भूमीत खाऱ्या वाणाचे भात पिकू लागते. मग तिला खार हे नाव मिळते. मुंबईतले खार काय किंवा भाईंदरजवळचे खारीगाव काय, ह्या नावांतच त्या भूमीचा इतिहास लिहिलेला आहे.

हा बांध म्हणजे केवळ मातीचा ढीग नव्हे. त्यात जागोजाग उघाडी ठेवावी लागते. उघाडी म्हणजे बाहेरच्या बाजूस उघडणारे लाकडी दार. ओहोटी लागली, की आतल्या पावसाच्या पाण्याचा दाब त्यास ढकलतो आणि साचलेले पाणी खाडीत निघून जाते; भरती आली, की खाडीच्याच रेट्याने दार मिटते. गोमंतकातील खाजणांत ह्याच युक्तीला मानस म्हणतात. तेथे गावकऱ्यांच्या संस्था बांधांची व मानशींची व्यवस्था शतकानुशतके पाहत आल्या आणि मानशीवरील मासेमारीचा हक्क लिलावाने देत आल्या. ह्या यंत्राला तेल लागत नाही. माणसाचा डोळा मात्र लागतो. दारात एक ओंडका अडकला किंवा खेकड्यांनी बांधात बीळ केले, तर एका उधाणात सबंध वर्षाचे पीक जाते. बांधापुढे तिवरांची रांग असली, तर लाटेचा मार बांधावर कमी बसतो. म्हणून जाणता शेतकरी पुढचे तिवर जपून ठेवी.

ह्यावरून ध्यानात येईल, की बांध घालण्याची परवानगी आणि बांध राखण्याची जबाबदारी ह्या दोन गोष्टी मुळात एकमेकींपासून वेगळ्या नव्हत्या. कुलाबा जिल्ह्याच्या खारेपाटात बाहेरचा बांध जो घाली व दुरुस्त ठेवी, त्यास रयतेने ठराविक धान्य द्यावयाचे, अशी वहिवाट होती. तिलाच शिलोत्री म्हणत. साष्टी बेट १७७४ साली इंग्रजांच्या ताब्यात गेले. पुढे कंपनी सरकारने व नंतरच्या राजसत्तेने येथील जमिनी कौलाने किंवा पट्ट्याने दिल्या, त्याही पुष्कळदा ह्याच तत्त्वावर दिल्या. १८७० मध्ये रामचंद्र लक्ष्मणजी ह्यांना घोडबंदर, भाईंदर व मीरे येथील जमिनींचा ९९९ वर्षांचा पट्टा मिळाला, तो समुद्राचे पाणी अडविण्यासाठी बांध घालण्याच्या निमित्ताने. समुद्र अडवावयाचा आणि त्याच्या मोबदल्यात पिकाचा वाटा घ्यावयाचा, असा हा व्यवहार होता.

जुने ते सर्व चांगले होते, असे मात्र कोणी समजू नये. ज्याच्या हाती बांध, त्याच्या हाती गाव, असा ह्या व्यवस्थेचा दुसरा अर्थ होता. बांध फुटला तर पोट कुळाचे मारले जाई. बांध टिकला तर कोठार मालकाचे भरे. अलिबागजवळच्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे संप करून जमीन पडीक ठेवली. तो संप खोतीच्या जुलमाविरुद्ध होता, आणि तो खारेपाटातच झाला, हा केवळ योगायोग म्हणता येणार नाही. शिवाय प्रत्येक नवा बांध म्हणजे तितक्या तिवरांचे मरण होते. तथापि त्या व्यवस्थेत एक गोष्ट स्पष्ट होती: पाण्याच्या हद्दीवर कोणाचे तरी नाव लिहिलेले होते, आणि हद्द मोडली तर कोणास जाब विचारावयाचा हे सर्व गावाला ठाऊक होते.

खाजणाचा दुसरा उपयोग म्हणजे मिठागर. राई, मुर्धा, मोर्वा, भाईंदर ह्या गावांच्या भोवती मिठागरे पसरलेली होती. उधाणाचे पाणी मोठ्या तळ्यात घ्यावयाचे, तेथून ते एकामागून एक उथळ खाचरांतून फिरवून आटवीत न्यावयाचे, आणि शेवटच्या चौकोनी खाचरात पांढरा दाणा बसला, की लाकडी फावड्याने ओढून त्याच्या राशी करावयाच्या, असे हे आगराचे काम पावसाळा संपल्यावर सुरू होऊन पुढचा पाऊस पडेपर्यंत चाले. पावसाळ्याचे चार महिने हीच खाचरे रिकाम्या वाटीप्रमाणे पडून असत, आणि डोंगराचे पाणी ओहोटीची वाट पाहत त्यांत थांबे. ह्या गोष्टीची किंमत त्या काळी कोणी मांडली नाही, कारण ती फुकट मिळत होती.

मिठावर मात्र सरकारची नजर फार बारीक होती. १८८२ चा हिंदुस्थानचा मीठ कायदा आणि १८९० चा मुंबई इलाख्याचा मीठ कायदा ह्यांनी परवान्यावाचून मीठ पिकविणे गुन्हा ठरविले. आगरावर पहारा असे, राशींचे माप घेतले जाई. १९३० साली वडाळ्याच्या मिठागरावर सत्याग्रही चालून गेले, ते ह्याच बंधनाविरुद्ध. आता गंमत अशी पाहा, की खाडीतून चिमूटभर मीठ उचलावयास परवाना लागे, त्याच खाडीत हवी तितकी घाण ओतावयास कोणताही परवाना लागत नसे. १८६० च्या दंडसंहितेत सार्वजनिक झऱ्याचे किंवा जलाशयाचे पाणी गढूळ करणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड सांगितला होता. परंतु तो विहिरीत घाण टाकणाऱ्या एखाद्या व्यक्तीस उद्देशून होता. कारखान्याच्या नळावर किंवा नगरपालिकेच्या गटारावर त्याची मात्रा चालणे कठीण होते. ज्या पाण्यापासून महसूल मिळे त्याला रखवालदार मिळाला, आणि ज्यापासून केवळ मासे मिळत ते बेवारस राहिले.

विलायतेत हा प्रश्न आधी ऐरणीवर आला, कारण तेथे नद्या आधी कुजल्या. १८७६ मध्ये तेथे नदीप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा झाला. तो फारसा चालला नाही. नंतर एक राजमान्य आयोग बसला, आणि त्याने १९१२ च्या अहवालात एक माप घालून दिले. पाण्यातली घाण कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते. प्राणवायू संपला, की मासे गुदमरतात आणि पाणी नासते. म्हणून एका लिटर सांडपाण्यातील घाण पाच दिवसांत किती प्राणवायू खाईल, ते मोजावयाचे. हा आकडा २० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, आणि तरंगता गाळ ३० मिलिग्रॅमच्या वर असू नये, असे आयोगाने सांगितले. तेही नदीचे पाणी निदान आठपट असेल तर. पाचच दिवस का, ह्याचे कारण असे सांगतात, की तेथील कोणतीही नदी पाच दिवसांत समुद्रास मिळते. आपल्याकडे आता हीच परीक्षा २७ अंश उष्णतेवर तीन दिवसांत करतात, कारण आपल्या उन्हात घाण लवकर कुजते. आपली मर्यादा नदीनाल्यांसाठी ३० मिलिग्रॅम आणि समुद्रकिनाऱ्याच्या पाण्यासाठी १०० मिलिग्रॅम अशी आहे. ह्या तिपटीहून अधिक फरकात समुद्र कितीही पचवील, हा माणसाचा जुना विश्वास अजून जिवंत आहे. खुल्या समुद्राच्या बाबतीत त्यास काही आधार असेलही. परंतु अरुंद खाडीत ओहोटीने बाहेर नेलेली घाण पुढची भरती पुष्कळ अंशी परत आणून सोडते.

स्वातंत्र्यानंतर जुनी चौकट मोडली. १९४८ साली मुंबई सरकारने खार जमिनींचा कायदा करून बांधांच्या कामासाठी मंडळ नेमले. त्याच साली कूळकायदाही आला. १९५१ च्या साष्टीतील इस्टेटींच्या कायद्याने त्यांची महसुलाची सूट रद्द केली आणि १४ ऑगस्ट १९५१ पूर्वी लागवडीस न आणलेली पडीक जमीन सरकारकडे घेण्याची तरतूद केली. पुढे १९७९ मध्ये खार जमीन विकासाचा नवा कायदा झाला. कुळाला न्याय मिळावा ह्यासाठी ह्यांतील पुष्कळ गोष्टी अवश्यच होत्या. परंतु जेथे शेतीच उठून जाणार होती, तेथे बांधाचे पुढे काय, ह्याचा विचार कोणत्याही कायद्याने केला नाही. भात गेले, मग बांधावरून रोज फिरणारा मनुष्यही गेला. मंडळाचा बांध शेताचे रक्षण करण्यासाठी होता. शेताची घरे झाल्यावर त्या बांधाला वाली उरला नाही.

आणि घरे किती वेगाने झाली! १२ जून १९८५ रोजी येथल्या ग्रामपंचायती मिळून नगरपरिषद झाली. २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका झाली. १९९१ च्या शिरगणतीत येथली वस्ती १,७५,६०५ होती. २००१ मध्ये ५,२०,३८८ झाली. २०११ मध्ये ८,०९,३७८ वर गेली. वीस वर्षांत साडेचार पटींहून अधिक! मुंबईत ज्यांस छप्पर परवडेना, त्या कुटुंबांनी ह्या सखल भूमीवर आयुष्याची पुंजी लावली. त्यांना खाजण कोठे होते आणि उघाडी कोठे होती, हे सांगावयास कोणी उरले नव्हते. मातीचा भराव झाला, म्हणजे जमीन झाली, असे सर्वांनी धरून चालले.

आता कायदा काय करीत होता ते पाहू. १९६९ चा जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा करून महाराष्ट्राने देशव्यापी कायद्याच्या आधी पाऊल टाकले आणि ७ सप्टेंबर १९७० रोजी मंडळ स्थापन केले, ही अभिमानाची गोष्ट आहे. मध्यवर्ती कायदा १९७४ मध्ये झाला. महाराष्ट्राने तो १ जून १९८१ पासून स्वीकारला. ह्या कायद्याचा गाभा म्हणजे संमतिपत्र. सांडपाणी सोडणाऱ्याने मंडळाकडे अर्ज करावयाचा. किती पाणी, कोठे, कोणत्या शुद्धतेचे, हे मंडळाने अटी घालून ठरवावयाचे. १९८८ च्या दुरुस्तीने उद्योग चालविण्याआधी तो उभारण्यासही संमती लागू लागली. १९९४ मध्ये मोठ्या प्रकल्पांना पर्यावरणाची पूर्वमंजुरी आवश्यक झाली, आणि २००६ च्या अधिसूचनेने २०,००० चौरस मीटर व त्याहून अधिक बांधकामाच्या इमारतींस ती स्पष्टपणे लागू केली.

येथे एक खाच राहते, तिच्याकडे लक्ष वेधणे जरूर आहे. संमतिपत्र नळाच्या तोंडाशी बसून पाणी तपासते. परंतु जमिनीवर घरे बांधताना जी घाण होते, ती सारी नळातून येत नाही. डोंगर खणला, माती मोकळी टाकली, भराव घातला, की पहिल्याच पावसात ती माती ओहोळात उतरते. ओहोळ उथळ होतो, आणि पुढच्या पावसात तो रस्त्यावर वाहतो. अमेरिकेत ह्या गढूळ पाण्यालाच परवान्याखाली आणले गेले: १९९२ पासून पाच एकरांहून मोठ्या बांधकामाच्या जागेस, आणि २००३ पासून एका एकराहून मोठ्या जागेस. आपल्याकडे पावसाचे पाणी म्हणजे देवाचे पाणी. त्याबरोबर वाहिलेल्या मातीचा हिशेब मागण्याची सवय आपल्या कायद्यास अद्याप पुरती लागलेली नाही.

ह्यावर दुसरा उपाय म्हणजे प्रवाहापासून अंतर राखणे. तिवरांच्या किंवा गवताच्या पट्ट्यातून पाणी संथ होऊन जाते, गाळ खाली बसतो, मुळे कडा धरून ठेवतात. आणि पाणी फुगले तर त्यास पसरावयास जागा मिळते. १९८१ मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधी ह्यांनी किनाऱ्यावरील राज्यांच्या मुख्यमंत्र्यांस पत्र लिहून भरतीच्या रेषेपासून ५०० मीटर किनारा मोकळा ठेवावा असे सुचविले. १९ फेब्रुवारी १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने त्या सूचनेस कायद्याचे रूप दिले. खाड्यांच्या काठी २०११ च्या अधिसूचनेत १०० मीटर किंवा खाडीची रुंदी ह्यांपैकी जे कमी ते अंतर होते. २०१९ मध्ये १०० चे ५० झाले. जे कमी ते, ह्या तीन शब्दांचा परिणाम पाहा. खाडीचा फाटा ३० मीटर रुंद असेल, तर त्याचे संरक्षणही ३० मीटर, आणि दहा मीटरचा असेल तर दहाच. जो फाटा चिमटला जाण्याचे भय सर्वांत अधिक, त्यालाच सर्वांत अपुरे पांघरूण मिळते.

नद्यांच्या बाबतीत महाराष्ट्राने २००० साली नदी नियमन क्षेत्राचे धोरण आखले. पाण्याच्या उपयोगाप्रमाणे नद्यांच्या पट्ट्यांची प्रतवारी करून कोणता उद्योग नदीपासून किती दूर असावा हे त्यात ठरविले. २००९ मध्ये ते सुधारले आणि २०१५ मध्ये रद्द केले. मध्यंतरी २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि ज्या मिठी नदीस लोक नाला समजत होते, तिने आपले मूळ पात्र मागून घेतले. त्याच वर्षी ६ ऑक्टोबर रोजी मुंबई उच्च न्यायालयाने साऱ्या राज्यात तिवरांची तोड थांबविली आणि तिवरांपासून ५० मीटरच्या आत बांधकामास मनाई केली. जमीन कोणाच्याही मालकीची असो. १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात त्याच न्यायालयाने तिवरांचा नाश हा नागरिकांच्या जीविताच्या हक्कावरचा आघात मानला. २०१२ पासून राज्याच्या वनखात्यात कांदळवनांसाठी स्वतंत्र कक्षही आहे.

राहता राहिले ते गोड्या पाण्याचे ओहोळ, जेथे भरती पोहोचत नाही. हाटकेशसारख्या डोंगराकडच्या वस्तीस त्यांचाच संबंध अधिक. त्यांच्यासाठी बांधकामाच्या नियमावलीत एक साधा नियम आहे: नाल्यासारख्या लहान प्रवाहाच्या काठापासून ९ मीटर आणि नदीसारख्या मोठ्या प्रवाहापासून १५ मीटर जागा सोडावी. २०२० साली राज्याच्या बहुतेक भागासाठी जी एकत्रित नियमावली झाली, तीतही हा नियम आहे. परंतु त्यास एक परंतुक जोडलेले आहे. लहान प्रवाह सखल जमिनीतून जात असेल आणि त्यास स्पष्ट काठ नसतील, तर अधिकाऱ्याच्या परवानगीने तो ठराविक आखणीत व ठराविक रुंदीत बंदिस्त करता येतो किंवा वळविता येतो. आता खाजणाच्या सपाटीवरील कोणत्या ओहोळास स्पष्ट काठ असतात? पावसाळ्यात पसरावे आणि उन्हाळ्यात आटावे, हाच त्याचा धर्म. म्हणजे जेथे नियमाची गरज सर्वांत मोठी, तेथेच अपवादास दार सर्वांत मोठे. जो ओहोळ पूर्वी शंभर पावलांत पसरत होता, तो एकदा दहा पावलांच्या सिमेंटच्या गटारात कोंडला, की नकाशावर त्याची कडा स्पष्ट होते. मग अंतर मोजावयाचे ते त्या गटारापासून. पाण्याला मात्र हा नवा नकाशा कोणी दाखविलेला नसतो.

श्रोतेहो, बांधाच्या काळापासून रेषेच्या काळापर्यंतचा हा प्रवास आहे. बांध पायाखाली होता, त्यास हात लागत असे. रेषा कागदावर असते. बांधाचा मालक जुलमी असला तरी गावास माहीत होता. रेषेचे मालक अनेक खाती आहेत, आणि म्हणून पुष्कळदा कोणीच नाही. संमतिपत्र देणारे मंडळ एक, किनाऱ्याचा निर्णय करणारे प्राधिकरण दुसरे, तिवरांचा कक्ष तिसरा, बांधकामाचा परवाना देणारी महानगरपालिका चौथी. प्रत्येक जण आपापला कागद बरोबर आहे की नाही ते पाहतो. ओहोटीच्या वेळी दार उघडते की नाही, हे पाहणारा जो एक मनुष्य पूर्वी बांधावरून फिरत असे, त्याची जागा ह्यांपैकी कोणत्याही कार्यालयात नाही.

खोतांना परत आणावे असे कोणी म्हणणार नाही. परंतु जुन्या कौलातले एक तत्त्व उचलण्याजोगे आहे. तेथे परवाना हा एकदा सही होऊन संपणारा कागद नव्हता. जमीन भोगावयाची तोवर बांध राखावयाचा, असे ते सततचे बंधन होते. आज ज्या इमारतीस ओहोळाच्या काठी परवानगी मिळते, तिच्या परवानगीबरोबर त्या ओहोळाची निगा का बांधली जाऊ नये? काठ उघडा आहे ना, गाळ निघाला ना, सांडपाणी शुद्ध होऊन जाते ना, हे दर पावसाळ्यापूर्वी जागेवर तपासले जावे आणि तपासणीचा कागद रहिवाशांनाही पाहावयास मिळावा.

आणि रहिवाशांनी तो मागावा. आपले घर विकत घेताना आपण खोल्या मोजतो, गच्ची पाहतो, स्थानक किती लांब ते विचारतो. ह्यापुढे आणखी एक प्रश्न विचारावयाची चाल पडली पाहिजे: उधाणाच्या दिवशी मुसळधार पाऊस पडला, तर येथले पाणी कोणत्या वाटेने जाते आणि त्या वाटेचे दार कोण उघडतो? पूर्वीच्या गावात ह्या प्रश्नाचे उत्तर शेतावर जाणारे पोरही देऊ शकत असे. आठ लाखांहून मोठ्या नगरात ते देणारा एकही मनुष्य सापडू नये, हे आपणांस परवडणारे नाही. खाडी आपली हद्द विसरलेली नाही. ती दिवसातून दोनदा येऊन ती तपासून जाते.